अंगणवाडीचें माप

हिंगणघाट हें वेणा नदीकांठचें कापसाचें गांव. कापसाची पारख तंतूवरून करावी, हें येथें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु गांवांतील दोन अंगणवाड्यांची तुलना करण्याची वेळ आली, कीं आपण भिंतीवरील चित्रें व मुलांच्या तोंडचीं मुळाक्षरें पाहून निकाल देतों. हें माप कां अपुरें आहे, तें इतिहासावरून ध्यानांत येईल.

१९२६ सालीं गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. आरंभीं ही विद्या बहुतांशीं शहरांतील सुस्थित घरांपुरतीच होती. १९४५ सालीं ताराबाईंनीं ती तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं नेली. अनुताई वाघ त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनीं व बियांनीं घेतली. आदिवासी मुलें शाळेकडे येत नाहींत असें दिसतांच शाळाच त्यांच्या अंगणांत गेली.

इकडे आमच्याच जिल्ह्यांत, सेवाग्रामीं, निराळा प्रयोग चालला होता. १९३७ सालच्या वर्धा परिषदेंतून निघालेली नई तालीम प्रथम सात वर्षांवरील मुलांसाठीं होती; १९४५ सालीं तिची कक्षा वाढून पूर्व-बुनियादी शिक्षणही तिच्यांत आलें. बोर्डीचा भर मुलाच्या इंद्रियांवर व स्वातंत्र्यावर, तर सेवाग्रामचा स्वच्छता, काम आणि घर यांवर. मात्र अक्षराची घाई दोहोंनाही नव्हती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण हीं सारीं एका अंगणवाडींत आलीं. जें कार्य कोणत्याही खासगी संस्थेच्या आवांक्यांत नव्हतें, तें गांवोगांवीं पोंचलें, हें श्रेय लहान नव्हे. परंतु कायद्यानें दोन कामांस सारखें वजन दिलें नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सहा वर्षांखालील मुलाचा आहार हा हक्क ठरला. शिक्षणाचा २००९ चा कायदा मात्र सहाव्या वर्षापासून हक्क देतो, आणि त्यापूर्वींच्या शिक्षणाची सोय सरकारच्या इच्छेवर सोडतो. जिच्यावर हा सारा भार, तिला शिक्षिका न म्हणतां सेविका म्हणावयाचें, व वेतन न देतां मानधन द्यावयाचें! तिला उपदानाचा हक्क आहे, हेंही सर्वोच्च न्यायालयास २०२२ सालीं सांगावें लागलें.

म्हणून हिंगणघाटच्या पालकांस आमची एकच विनंती आहे. दोन अंगणवाड्या पाहतांना मुलास किती अक्षरें येतात हें विचारूं नये. वजनें घेऊन, आहार वाटून व नोंदी पुऱ्या करून सेविकेजवळ मुलांशीं बोलण्यास, गोष्ट सांगण्यास किती वेळ उरतो, तें विचारावें. तो वेळ जेथें उरत नाहीं, तेथें दोष सेविकेचा नाहीं. मुलाच्या पोटाची जबाबदारी कायद्यानें पतकरून त्याच्या बुद्धीची तशीच सोडणाऱ्या आम्हां सर्वांचा आहे.