थांबणे आणि दुर्लक्ष करणे

मंडळी, गेले दोन महिने पुण्याहून, सिन्नरहून फोन येत आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "अण्णा, ऑपरेशन कधी?" मला प्रोस्टेटचा सुरुवातीचा कर्करोग निघाला आहे आणि तूर्त काही काढायचे नाही, असे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा या निर्णयामागचा इतिहासच लिहावा म्हटले. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, ती सवय कुठे जाणार!

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली कर्करोग झालेली प्रोस्टेट ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली. "कर्करोग दिसला की काढा" हा विचार त्या काळचा, आणि तेव्हा तो योग्यच होता. गंमत अशी की, त्याच संस्थेतल्या अर्नोल्ड रिच यांनी १९३५ साली शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशी उलटलेल्या शंभरातल्या सुमारे चौदा पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये त्यांना न कळलेला कर्करोग सापडला. म्हणजे हा रोग अंगात बाळगून माणसे जगली आणि दुसऱ्याच कशाने तरी गेली.

मग प्रश्न आला, उपचार न करता नुसते लक्ष ठेवले तर? स्वीडनमधील ओरेब्रो येथे १९७७ ते १९८४ या काळात निदान झालेल्या २२३ रुग्णांवर असेच लक्ष ठेवले गेले. एकवीस वर्षांनी पाहिले तेव्हा २०३ जण वारले होते, पण प्रोस्टेटच्या कर्करोगाने फक्त ३५. मात्र पंधरा वर्षांनंतर धोका वाढत गेल्याचेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून पन्नाशीतल्या माणसाने आणि माझ्यासारख्या चौऱ्याहत्तरीतल्या म्हाताऱ्याने एकच हिशेब मांडू नये.

पुढे पीएसए ही रक्ताची तपासणी आली. १९९४ साली अमेरिकेत ती निदानासाठी मान्य झाली. आधी कधीच कळले नसते असे लहान लहान कर्करोग सापडू लागले आणि शस्त्रक्रियाही वाढल्या. त्यातून काहींचा जीव वाचला. काहींचा लघवीवरचा ताबा आणि वैवाहिक सुख विनाकारण गेले. टोरांटोच्या लॉरेन्स क्लॉट्झ यांनी १९९५ पासून मधला मार्ग काढला. कमी धोक्याच्या रुग्णाला ठरावीक काळाने तपासायचे आणि रोगाने रंग बदलला तरच उपचार करायचे. याला म्हणतात सक्रिय देखरेख.

सर्वांत मोठा पुरावा ब्रिटनमधला. तिथे ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले: देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली आले. या कर्करोगाने मरण पावलेले अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के. फरक नगण्य! पण दुसरी बाजूही सांगतो. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण ९.४ टक्के, म्हणजे इतरांच्या जवळजवळ दुप्पट होते. त्या गटातल्या ६१ टक्के लोकांना पुढे कधी ना कधी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घ्यावेच लागले.

हे सगळे वाचूनच मी थांबलो आहे. माझा ग्लिसन ३+३, म्हणजे ६. रोग ग्रंथीच्या आतच आहे. ठरलेल्या महिन्यांनी पीएसए, एमआरआय, वेळ आली तर पुन्हा बायॉप्सी. आकडे बिघडले तर ऑपरेशनला नाही म्हणणार नाही. आमच्या हिला रात्री झोप लागत नाही, हे मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. नोंदी ठेवण्यात आपण मागे नव्हतो. मुंबईत १९६३ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि खेड्यापाड्यांसाठीची देशातली पहिली नोंदणी १९८७ साली आपल्या बार्शीत. पण प्रोस्टेटसाठी सरसकट तपासणी नाही. बरेच जण कंबर दुखायला लागल्यावर, रोग हाडांत गेल्यावरच डॉक्टरांकडे पोहोचतात. त्यांना थांबण्याचा पर्याय उरतच नाही. मला तो मिळाला, कारण वेळेत कळले.

तेव्हा घरात कुणाचा असा रिपोर्ट आला, तर घाबरून लगेच तारीख घेऊ नका आणि कपाटात ठेवून विसरूही नका. डॉक्टरांना विचारा: ग्लिसन किती? रोग ग्रंथीबाहेर गेला आहे का? थांबलो तर पुढची तपासणी कधी? या शेवटच्या प्रश्नाला नक्की तारीख मिळाली नाही, तर ते दुर्लक्षच समजा.