मराठी रहस्यकथेचा माग

आमच्या घरी एक पुस्तक आहे. त्याला मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव नाही आणि लेखकही नाही. वाचनालयवाल्याने त्याला तपकिरी कागदाचे जाड वेष्टन घातले आणि त्यावर निळ्या शाईने एक आकडा घातला, तेवढीच काय ती त्याची ओळख. ते १२४ व्या पानावर एकाएकी थांबते. एका शेटजींचा बंद खोलीत खून झाला आहे, खोलीतले घड्याळ सव्वातीन वाजता थांबले आहे, आणि गुप्तहेर सगळ्या घरच्या मंडळींना दिवाणखान्यात बोलावतो. तो तोंड उघडणार, तोच पुस्तक संपते!

हे पुस्तक माझ्या वडिलांचे. आम्ही राहतो बदलापूरच्या पूर्व भागातील कात्रपला. आज तिथे इमारतींची दाटी आहे. परंतु १९७० च्या सुमारास, वडील नोकरीला लागले त्या वेळी, तिथे भातशेती आणि मोजकी घरे होती. बदलापूरवरून आगगाडी १८५६ सालापासून धावते आहे, आणि मुंबई तिथून सुमारे अडुसष्ट किलोमीटर. म्हणजे जाताना दीड तास, येताना दीड तास. ह्या तीन तासांचे करायचे काय? काही जण भजने म्हणत, काही जण पत्ते कुटत. वडील रहस्यकथा वाचत.

आज मी बोलणार आहे ते ह्या रहस्यकथेविषयी, आणि त्याहून अधिक तिच्या वाचकाविषयी. इतिहास शिकवणाऱ्या माणसाचा ह्या विषयाशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तो संबंध पुढे आपोआप ध्यानात येईल.

गुप्तहेराची कथा ही मूळची पाश्चात्त्य देशांतली. अमेरिकेतील एडगर ॲलन पो ह्याने १८४१ साली अशी पहिली कथा लिहिली असे मानतात. पुढे १८८७ साली आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला जन्म दिला आणि सारे जग त्याच्या मागे लागले. भालबा केळकरांनी पुढे ह्या होम्सला मराठीत आणले. परंतु होम्सची गोडी लागण्याआधीच मराठी वाचकाला रहस्याची चटक लागलेली होती, आणि ती लावली रेनॉल्ड्सने. हा इंग्रज कादंबरीकार त्याच्या देशात हलक्या दर्जाचा मानला जाई, पण आपल्याकडे त्याचे भाग्य उघडले. गोविंद नारायण दातार, म्हणजेच दातारशास्त्री, ह्यांनी त्याच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला. ‘कालिकामूर्ति’, ‘चतुर माधवराव’, ‘बंधुद्वेष’ ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. भुयारे, गुप्त दरवाजे, कट आणि कारस्थाने ह्यांनी ती भरलेली असत. पुढे नाथमाधवांनी ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ लिहिली आणि हे रहस्य राजवाड्यातून शहरातल्या टोळीपर्यंत आले.

पण रहस्यकथा खऱ्या अर्थाने घरोघर नेली ती बाबूराव अर्नाळकरांनी. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ ते १९९६ असे नव्वद वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले आणि त्यात त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. हजार हा आकडा कानाला सहज वाटतो, म्हणून थोडा हिशेब करू. लेखनाची चाळीस वर्षे धरली, तरी वर्षाला पंचवीस पुस्तके होतात. म्हणजे दर पंधरवड्याला एक! दोन एकादश्यांच्या मध्ये एक पुस्तक म्हणा ना. त्यांचे झुंझार आणि काळापहाड हे कायद्याला चकवा देत दुर्जनांची खोड मोडणारे वीर, तर धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही तपास करणारी जोडी. ह्या कथांना इंग्रजी कथांचा आधार असे, हे लपून राहिलेले नाही. परंतु वाचणाऱ्याला त्यातली गल्ली मुंबईची वाटे, शेटजी ओळखीचा वाटे आणि वाक्य असे सुटसुटीत की चौथी शिकलेल्या माणसाचेही कुठे अडू नये. छपाईच्या अक्षराला अडखळणारा किती तरी गिरणीकामगार ‘पुढे काय झाले’ ह्या एका ओढीने सरळ वाचावयास लागला. साक्षरतेच्या वर्गात जे सक्तीने साधत नाही, ते काळापहाडाने हसत हसत साधले.

अर्नाळकरांच्या मागून एस. एम. काशीकर आले, गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. नाईकांनीही हजारावर पुस्तके लिहिली. ते २०२१ साली वारले. शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी आणि अमर विश्वास हे कॉलेजातल्या पोरांचे लाडके झाले. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे निर्माण केला. हा बनेश फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, म्हणजे खेड्यातलाच पोरगा, हे गावोगावच्या बालमित्रांना मुद्दाम सांगितले पाहिजे.

आता ही पुस्तके वाचकाला सापडत कशी? वर्तमानपत्रांत त्यांची परीक्षणे फारशी येत नसत. कॉलेजात त्यांचे नाव निघत नसे. वाङ्मयाच्या इतिहासांतही त्यांना फार थोडी जागा मिळाली. तरीही नवे पुस्तक आले की चार दिवसांत सगळ्यांना कळे. ते कळे माणसांकडून माणसांना. डब्यातला एक प्रवासी वाचीत असे, शेजारचा त्याच्या खांद्यावरून डोकावून पाही, आणि तिसरा म्हणे, “तुमचं झालं की मला द्या हो, कल्याण यायच्या आत परत करतो.” मोठी सार्वजनिक वाचनालये आपल्या भागात जुनी आहेत. कल्याणचे १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पण रहस्यकथेचा खरा संसार चाले तो कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत. एक फळकूट, त्यावर दोनशे-तीनशे पुस्तके, थोडी अनामत आणि रोजचे भाडे. उशीर केला तर भाडे वाढायचे, म्हणून एका रात्रीत पुस्तक संपवायचे आणि तेवढ्यात घरातल्या चौघांनी वाचून घ्यायचे! वडील सांगत की, आजीला अक्षरओळख नव्हती, पण चुलीपाशी बसून ती रोज ऐकायची आणि खुनी कोण ते सगळ्यांच्या आधी ओळखायची.

ह्याच वाचनाने पुस्तकांचा जीवही घेतला. शंभर हातांतून गेलेले पुस्तक टिकणार किती? आधी मुखपृष्ठ जाई, मग शेवटची पाने जात. आमच्या घरचे पुस्तक वडिलांनी प्रथम वाचले तेव्हाही त्याला शेवट नव्हता. पुढे ते दुकान बंद झाले आणि पुस्तके रद्दीच्या भावाने निघाली, तेव्हा त्यांनी तेवढे एक मागून घेतले. कधी तरी धड प्रत मिळेल आणि शेवट कळेल, ही आशा.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी एम. ए. झालो आणि नवा नवा कॉलेजात शिकवू लागलो, त्या दिवसांतली गोष्ट. घरी माझे दोन सहकारी आले होते. वडील खिडकीपाशी तेच पुस्तक घेऊन बसले होते. मी हसत म्हणालो, “अण्णा, आता तरी काही चांगलं वाचा.” ते काही बोलले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटले आणि आत नेऊन ठेवले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी रहस्यकथा कधी वाचली नाही. ज्या माणसाने मला अक्षरे शिकवली, त्याच्या हातातले पुस्तक मी काढून घेतल्यासारखे झाले. ते जाऊन आता दोन वर्षे झाली. शेवट त्यांना कळला नाही, आणि मी शोधून दिला नाही.

ते गेल्यावर मी ते पुस्तक पुन्हा उघडले. ह्या वेळी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून. आणि पाहतो तो काय, गुप्तहेराला लागावेत तसे धागे त्यात जागोजाग होते! मधल्या जाहिरातीचे पान अर्धे फाटलेले. नावे गेली, फक्त किंमतींचा रकाना उरला. पण किंमत ‘न. पै.’ मध्ये, म्हणजे नव्या पैशांत. आपल्याकडे दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, आणि पैशामागचे ‘नवा’ हे विशेषण गेले १९६४ साली. म्हणजे पुस्तक ह्या सात वर्षांतले. दुसरा धागा शुद्धलेखनाचा. ‘त्यानें’, ‘घरीं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यात आहेत. १९६२ च्या नियमांनी हे अनुस्वार गेले. छापखान्यांना सवय मोडायला वेळ लागला असेल, हे मान्य. तरी पुस्तक बहुधा १९६२ च्या आधीचे किंवा लगतचे. तिसरा धागा पानाच्या तळाशी. ११३ व्या पानाखाली बारीक टाइपात ‘८’ हा आकडा आहे. ही फर्म्याची खूण. एक फर्मा सोळा पानांचा, म्हणजे आठवा फर्मा ११३ ला सुरू होऊन १२८ ला संपणार. आमच्याकडे १२४ पर्यंत पाने आहेत. तेव्हा सगळा उलगडा चार पानांत होता! चार पानांसाठी वडील पन्नास वर्षे थांबले होते.

मग मी कात्रपमधल्या जुन्या मंडळींना विचारत सुटलो. आमच्या आळीत गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांना बंद खोली आणि थांबलेले घड्याळ सांगताच ते म्हणाले, “सर, ते घड्याळ कुणी थांबवलं नव्हतं. शेटजींच्या भावाकडं किल्ली द्यायचं काम होतं, त्यानं आदल्या दिवशी दिलीच नाही. आधीच पसार झालेला तो.” दुसऱ्या एका बाईंनी मात्र ठामपणे सांगितले की, खुनी डॉक्टर होता. आता कुणाचे खरे मानायचे? एका साक्षीवर निकाल देऊ नये, हे आपण वर्गात शिकवतो. मी दोघांचेही म्हणणे तारीख घालून वहीत लिहून ठेवले आहे. त्या गृहस्थांनी निघताना विचारले, “अण्णांना सापडलं होतं का हो शेवटचं पान?” मी नाही म्हणालो.

श्रोतेहो, अशी अवस्था एका पुस्तकाची नाही. मुंबईला १९७२ साली दूरदर्शन आले, १९८५ साली ‘करमचंद’ पडद्यावर आला, आणि रहस्याची भूक हळूहळू तिकडे वळली. भाड्याची दुकाने एकामागून एक मिटली. काही कथा पुढे निवडक स्वरूपात पुन्हा छापल्या गेल्या. आमच्या बदलापुरातच श्याम जोशी ह्यांनी उभे केलेले ‘ग्रंथसखा’ वाचनालय जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तके जपत आले आहे. पण जी पुस्तके लाखो माणसांनी वाचली, ती सगळी एकदोन संस्थांनी गोळा करावीत ही अपेक्षा धरणे बरोबर नाही. ग्रंथालयाने ज्यांना कपाट दिले नाही, त्यांचा पत्ता वाचकाच्या माळ्यावरच लागणार.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. सुट्टीत मुलांना घरातल्या पेट्या आणि माळे धुंडाळायला सांगा. फाटके पुस्तक मिळाले तर टाकू नका. किंमत आण्यांत आहे की नव्या पैशांत, ते पाहा. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १९७२ नंतरचे. वाचनालयाचा शिक्का, आत लिहिलेले नाव, पानांची संख्या हे सारे टिपून ठेवा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की, हे कुठे मिळाले, कोणी वाचून दाखवले, शेवट काय होता. एका तासाच्या कामातून मुलांना पुरावा म्हणजे काय, हे कळेल आणि गावाच्या वाचनाचा इतिहासही उभा राहील.

आणि कोणाच्या हातात असे पुस्तक दिसले, तर मी बोललो तसे बोलू नका. शेजारी बसा आणि विचारा, “कुठवर आलात?”