लिपी आणि शब्द : तुर्की प्रजासत्ताकाच्या दोन भाषासुधारणा

तुर्की प्रजासत्ताकाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२३ रोजी झाली. मुस्तफा केमालच्या शासनाने हाती घेतलेल्या सुधारणांपैकी लिपीची व शब्दांची सुधारणा ही एकाच चळवळीची दोन अंगे म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यांचे स्वरूप भिन्न होते आणि फलही भिन्न झाले.

लिपीबदलाला भाषेच्या घडणीतच आधार होता. तुर्कीत आठ स्वर आहेत; अरबी लिपीत ते दाखविण्यास मुख्यतः अलिफ, वाव व ये एवढीच अक्षरे. एकटा वाव चार स्वरांचा भार वाही आणि शिवाय व्यंजनाचेही काम करी. परिणामी ‘झाला’ आणि ‘मेला’ या अर्थांची दोन क्रियापदे लिहिताना सारखीच दिसत. अमका पाशा झाला की मेला, हे वाचकाने संदर्भावरून ताडावयाचे! उलट ‘स’ या एका ध्वनीला तीन अक्षरे होती. पुढे मुनीफ पाशा म्हणून प्रसिद्धीस आलेल्या विद्वानाने ही तक्रार १८६२ सालीच मांडली होती. ९ ऑगस्ट १९२८ रोजी केमालने इस्तंबूल येथे नव्या अक्षरांची घोषणा केली. १ नोव्हेंबरला कायदा झाला, १ डिसेंबरपासून वृत्तपत्रे आणि १ जानेवारी १९२९ पासून पुस्तके नव्या लिपीत निघू लागली. संक्रमणास काही वर्षे द्यावीत हा समितीतील विचार केमालने फेटाळल्याचे तिचे सभासद फालिह रफ्की यांनी नमूद केले आहे. कायद्याने एक सवलत मात्र ठेवली : जुनी अक्षरे लघुलेखनाप्रमाणे जून १९३० पर्यंत टिपणांसाठी वापरता येत. १९२७ च्या शिरगणतीत साक्षरता दहा टक्क्यांच्या आसपास होती. बहुसंख्यांना विसरावयाचे असे काही नव्हतेच. किंमत मोजली ती मूठभर साक्षरांनी, आणि नंतरच्या पिढ्यांनी. मोडी न शिकलेल्या मराठी अभ्यासकास पेशवे दफ्तर जसे बंद, तसेच तुर्की पदवीधरास उस्मानी दफ्तर बंद झाले.

शब्दांची गोष्ट निराळी. १२ जुलै १९३२ रोजी स्थापन झालेल्या भाषामंडळाने अरबी-फारसी शब्द काढून त्यांच्या जागी लोकबोलीतील, जुन्या ग्रंथांतील, प्रसंगी नव्याने घडविलेले शब्द आणले. मराठी वाचकास राज्यव्यवहारकोश आठवेल. परंतु तो दरबारी परिभाषेपुरता होता, येथे घरातील बोलण्यावरच गदा आली. केमालचे ३ ऑक्टोबर १९३४ चे भाषण नवशब्दांनी इतके भरले होते की श्रोत्यांना ते दुर्बोध झाले. पुढे १९३६ साली सर्व भाषांचे मूळ तुर्कीत शोधणारी ‘सूर्यभाषा’ उपपत्ती पुढे आली. शास्त्र म्हणून ती टाकाऊच. पण परकीय शब्दही मूळचे तुर्कीच ठरल्याने ते हाकलण्याची निकड उरली नाही.

शब्दबदल थांबला मात्र नाही. १९२४ ची राज्यघटना १९४५ मध्ये शुद्ध तुर्कीत आणली गेली, १९५२ मध्ये पुन्हा जुन्या शब्दांत गेली, आणि १९६१ च्या घटनेने नवे नाव परत घेतले. केमालने ऑक्टोबर १९२७ मध्ये सहा दिवस, छत्तीस तासांहून अधिक वेळ दिलेले प्रसिद्ध भाषण १९६३ पर्यंत तरुण वाचकांस इतके परके झाले होते की भाषामंडळाला त्याचे तुर्कीतून तुर्कीत रूपांतर छापावे लागले.