सुताराची उमेदवारी

डोंबिवलीच्या आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवानें, पदवी पदरांत पडतांच, सुतारकाम शिकण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हां त्या घरांत जणूं सुतक आलें. स्नेही आमच्याकडे आले ते मुलाची समजूत घाला म्हणून गळ घालावयास. आम्ही त्यांस इतिहास सांगत बसलों आणि ते कांहींसे रुष्ट होऊनच परतले. त्या दिवशीं जें तोंडी सांगितलें, तेंच येथें जरा नीट मांडीत आहों.

ज्या कल्याणांत या गृहस्थांचें बालपण गेलें, तेथूनच आरंभ करणें बरें. 1657 च्या ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हातीं आली आणि पाठोपाठ खाडीकांठीं जहाजें बांधण्याचा उद्योग सुरू झाला. लांकडाची वाण नव्हती. शहापूर-मुरबाडकडील सागाचीं रानें जवळच होतीं. अडचण होती ती हातांची. घर बांधणाऱ्या सुताराला तुळई सरळ लागते, जहाज बांधणाऱ्याला फांसळी वांकडी लागते. आणि ती वांकडी फांसळी सरळ लांकूड वांकवून नव्हे, तर रानांत झाडाचा बांकच नेमका हेरून काढावी लागते. शिवाय घराच्या फटींतून वारा आला तर माणूस कुरकुरतो, जहाजाच्या फटींतून पाणी आलें तर माणूस बुडतो. तेव्हां महाराजांनीं रुई लैतांव व्हिएगश नांवाच्या पोर्तुगीज जहाजबांध्यास त्याच्या माणसांसह चाकरीस ठेविलें. 1659 च्या सुमाराची ही हकीकत पोर्तुगीजांच्याच पत्रव्यवहारांतून आपणांस कळते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस ही गोष्ट कशी रुचावी? आज कल्याणांत बांधलेलीं जहाजें उद्यां आपल्याच अंगावर येतील, हें ते ओळखून होते. त्यांनीं दडपण आणलें, आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली.

शिकविणारा अर्ध्यावर उठून गेला म्हणजे शाळा बंद पडावयाची. कल्याणची शाळा बंद पडली नाहीं. फेब्रुवारी 1665 मध्यें महाराज बसरूरच्या स्वारीस निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर तीन मोठीं जहाजें आणि 85 लहान गलबतें होतीं. हीं कोणी बांधलीं? आमचा तर्क असा कीं, परदेशी उस्तादांच्या हाताखालीं ज्यांनीं वाकस चालविला, फळ्या धरल्या आणि खिळे ठोकले, त्या आपल्याच सुतारांनीं पाहतां पाहतां विद्या उचलली होती. व्हिएगशचें नांव कागदावर राहिलें. या सुतारांपैकीं एकाचेंही आम्हांस कोठें आढळलेलें नाहीं.

पाहतां पाहतां शिकणें ही मात्र त्यांना नवी गोष्ट नव्हती. सुताराच्या घरीं पोर शिकत असे तें असेंच. प्रथम ढलप्या गोळा करावयाच्या, मग करवतीचें दुसरें टोंक धरावयाचें, मग हत्यारांना धार लावावयाची. पुष्कळ दिवस यापुढें मजल जात नसे. वाकस हातीं आला तरी तो आधीं जळाऊ लांकडावर. रंधा, पटाशी, सामता, गुण्या यांची पाळी त्यानंतरची. बापाला बलुत्याचें धान्य मिळे, पोराला कांहींच मिळत नसे. (कोंकणांत बलुत्याची घडी देशावरच्याइतकी घट्ट नव्हती, हेंही येथें सांगितलें पाहिजे, त्यामुळें येथला सुतार रोजंदारीसाठीं बंदराकडे वळण्यास अधिक मोकळा होता.) या पद्धतींत दोष एक, पण मोठा : सुताराच्या पोटीं जन्मला नाहीं, त्याला तिचें दार बंद.

या पद्धतीचा कस पाहावयाचा असेल तर मुंबईच्या गोदीकडे वळावें. 1736 सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर कांहीं सुतार बरोबर घेऊन मुंबईस आला. त्याची प्रतिष्ठा पुढें एवढी वाढली कीं नातवंडांना बसून खातां आलें असतें. परंतु फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बोमनजी या दोघां नातवांस त्या घराण्यानें दरमहा 12 रुपयांवर साधे सुतार म्हणून राबविलें. हातानें लांकूड कापल्यावांचून दुसऱ्याच्या कापण्यांतली चूक दिसत नाहीं, हें लवजी जाणून होता. त्याच जमशेटजीनें पुढें 74 तोफांचें 'मिंडेन' बांधून 1810 सालीं पाण्यांत सोडलें. 1817 सालचें त्याच गोदींतलें 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे, आणि त्याचा सांगाडा मलबारी सागाचा आहे. 1838 सालीं याच घराण्यांतले जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणीचें शास्त्र शिकण्यासाठीं इंग्लंडास गेले. शास्त्र शिकावयास निघाले ते, हाताला घट्टे पडल्यानंतर.

पुढें लोखंडी आगबोटी आल्या आणि जहाजी सुतार मागें पडला. पण त्याच सुमारास, 1854 सालीं, आगगाडी कल्याणपर्यंत पोहोंचली, आणि तिच्या डब्यांचे सांगाडे पुष्कळ काळ सागाचेच होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत 1891 सालीं रे यांच्या नांवाच्या कर्मशाळा निघाल्या. त्यांत लांकडावरील कोरीवकामही शिकवीत. जन्मानें बंद असलेलें दार थोडें उघडलें तें अशा ठिकाणीं. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था आल्या, 1961 सालीं उमेदवारांचा कायदा झाला, आणि 'उमेदवार' या जुन्या शब्दाला सरकारी शिक्का व विद्यावेतन मिळालें. कल्याणजवळच्या ज्या छावणीला 1949 सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, तेथें निर्वासित सिंधी बांधवांनीं लांकडी सामानाचा एवढा बाजार उभा केला कीं, डोंबिवलींतलीं अर्धीं कपाटें तेथूनच आलीं असावींत.

आणि आपण? आमच्याच इमारतींत गेल्या वर्षीं दिवाणखान्याचें काम करावयास आलेले चौघेही कारागीर राजस्थानांतले होते. त्यांतला धाकटा आपल्या चुलत्याच्या हाताखालीं धार लावीत होता. काम उत्तम झालें. आमच्या स्नेह्यांनीं तें पाहून वाखाणलें, भाव विचारला आणि तोंडांत बोट घातलें. आपला मुलगा तें करूं पाहतो म्हटल्यावर मात्र त्यांची झोंप उडाली.

मुलानें शेवटीं ऐकलें नाहीं. तो सध्यां एका कारखान्यांत उमेदवारी करीत आहे. परवां स्नेही स्टेशनावर भेटले. "अहो, दोन महिने झाले, पोरगा नुसती पात्यांना धार लावतोय," ते म्हणाले.

"धार येते कां?" आम्हीं विचारलें.

ते क्षणभर थांबले. "घरांतली विळी तेवढी त्यानें घांसून दिली," ते म्हणाले, "आतां हिला तिची भीति वाटते." इतक्यांत गाडी आली.