हिमस्खलन : शुभ्र उतारावर दडलेला धोका

नागपुरात कडाक्याची थंडी पडली, तरी बर्फ पडत नाही. तथापि हिमस्खलनाच्या वार्तेने विदर्भातील घरांवर शोककळा पसरल्याचे प्रसंग आहेत. २५ जानेवारी २०१७ रोजी काश्मीरमधील गुरेझ क्षेत्रात लष्कराची छावणी व गस्ती पथक हिमाखाली गाडले गेले. वीरमरण आलेल्यांत अकोला जिल्ह्यातील जवानही होते. त्यापूर्वी ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये दहा जवान गाडले गेले होते. त्यातील लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले; परंतु ११ फेब्रुवारीस त्यांची प्राणज्योत मालवली.

हिम का घसरते?

डोंगरउतारावरील हिम एकसंध नसते. प्रत्येक हिमवर्षावाचा निराळा थर साचतो. दीर्घकाळ कडाक्याची थंडी राहिल्यास खालच्या थरातील कण साखरेसारखे सुटे व ठिसूळ होतात. अशा दुर्बल थरावर नव्या हिमाचा भार पडला, की वरचा घट्ट थर फळीसारखा तुटून वेगाने खाली येतो. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे असतात. अतिशय उभ्या कड्यावर हिम फारसे साचत नाही, तर सौम्य उतारावर ते सहसा घसरत नाही. अनेकदा एका माणसाचे वजनही हा समतोल बिघडविण्यास पुरेसे ठरते.

धोक्याच्या खुणा

मोठ्या हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस, जोरदार वाऱ्याने एका बाजूस साचलेले हिम, अचानक वाढलेले तापमान व पाऊस ही धोक्याची लक्षणे होत. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज येणे, हिमावर भेगा धावणे किंवा शेजारच्या उतारावर नुकतेच स्खलन झालेले दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास मागे फिरावे.

पहिली मिनिटे मोलाची

थांबलेले हिम काँक्रीटसारखे घट्ट होते आणि गाडलेल्या व्यक्तीचा श्वास कोंडतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास बहुतेकांचे प्राण वाचतात. अर्ध्या तासानंतर ही शक्यता झपाट्याने घटते. त्यामुळे खरी मदत सोबत्यांचीच. संदेश देणारे व शोधणारे यंत्र, लांब शोधकाठी आणि फावडे ही तीन साधने प्रत्येकाजवळ हवीत. धोकादायक उतार एकेकाने पार करावा, इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर लक्ष ठेवावे.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे रस्तेबांधणी कामगारांची छावणी हिमाखाली आली. ५४ पैकी ४६ कामगार वाचले, आठ दगावले. अनेकांना पोलादी कंटेनरांचा आसरा लाभला. तंबूत राहणाऱ्या गिर्यारोहकाला असे संरक्षण नसते.

भारतात हिमस्खलनाचा अंदाज संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंदीगड येथील संस्था वर्तविते. हिवाळ्यात हिमालयात पदभ्रमणास जाणाऱ्यांनी तो पाहूनच वाट ठरवावी. रजा व रेल्वेचे आरक्षण पुन्हा मिळू शकते. शिखरही जागेवरच राहते.