मतांगीकार आणि शास्त्र : पंडिता रमाबाईंचा प्रश्न

श्रुति स्वतः प्रमाण, आणि सूत्रें तिच्या आधारानें प्रमाण, हा भेद आपल्या वाचकांस परिचित आहे. ख्रिस्ती धर्मांत बायबल आणि मतांगीकार, म्हणजे उपासनेच्या वेळीं सर्वांनीं मिळून म्हणावयाचीं श्रद्धेचीं ठरीव वचनें, यांचें नातें बरेंचसें असेंच आहे. या नात्याची कसोटी एका मराठी विदुषीनें इंग्लंडांत जाऊन पाहिली.

पंडिता रमाबाईंनीं (१८५८–१९२२) इ. स. १८८३ च्या सप्टेंबरांत वाँटेज येथें अँग्लिकन पंथाच्या भगिनींच्या आश्रयास असतां बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅमच्या कॉलेजांत राहात असतां सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं त्यांचा पत्रांतून तीव्र वाद झाला. अथेनेशियसच्या नांवानें चालणारा मतांगीकार त्यांस पटेना. त्यांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचें सूक्ष्म विवरण असून, तें न मानणारास तारण नाहीं असें बजाविलें आहे. हें बायबलांत कोठें आहे, असा रमाबाईंचा प्रश्न होता. आपण ख्रिस्ताच्या मंडळींत आलों, म्हणून धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द मानण्यास बांधलों गेलों नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट कळविलें. वाँटेजच्या भगिनींस हा अहंकार वाटला.

भगिनींची बाजू अगदींच पोकळ नव्हती. चौथ्या शतकांत एरियसही आपल्या मतास शास्त्रवचनांचाच आधार देत असे. तेव्हां इ. स. ३२५ मध्यें नायसियाच्या परिषदेस, बायबलांत नसलेला शब्द योजून, अर्थ निश्चित करावा लागला. ग्रंथ सर्वांचा एकच असला तरी अर्थ एकच निघतो असें नाहीं. मतांगीकाराची गरज येथेंच उत्पन्न होते. परंतु इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकीं आठवें कलम मतांगीकार कां मानावेत याचें जें कारण देतें, तें शास्त्रावरून ते सिद्ध होतात हेंच होय. अर्थात् रमाबाईंनीं पुरावा मागितला तो त्या चर्चच्याच न्यायानें.

त्यांच्या या आग्रहाचें मूळ मात्र इंग्लंडांत नव्हतें. वेदाधिकार स्त्रियांस नाहीं, हें त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. कलकत्त्यास केशवचंद्र सेनांनीं वेदाची प्रत हातीं देऊन वाचण्यास सांगितलें, तेव्हां प्रथम त्यांस संकोचच वाटला होता. एका धर्मांतील असें बंधन तोडून आलेल्या स्त्रीनें दुसऱ्या धर्मांत तें निमूटपणें कां स्वीकारावें?

पुढें ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर त्यांची निष्ठा दृढ झाली. ग्रंथ स्वतः वाचण्याचा हक्क मात्र त्यांनीं सोडला नाहीं. उतारवयांत केडगांवच्या मुक्तिसदनांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं संपूर्ण बायबल मराठींत आणलें, तेंही अल्पशिक्षित बायकांस समजेल अशा सोप्या भाषेंत. छपाईचें कामही सदनांतील स्त्रियांनींच केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या, तेव्हां हें कार्य नुकतेंच हातावेगळें झालें होतें. मतांगीकार खरा कीं खोटा, याचा निवाडा त्यांनीं दुसऱ्यांवर लादला नाहीं. तो करण्याचें साधन मात्र त्यांनीं केडगांवच्या निराधार स्त्रियांच्या हातीं दिलें.