सेकंदभराची स्मृती

सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ साली फेअरलाइट सीएमआय हे यंत्र बाजारात आणले. मायक्रोफोनमधून आलेला कोणताही आवाज ते अंकांच्या रूपात साठवी आणि की-बोर्डवर हव्या त्या सुरात वाजवी. टेपवर चालणारे मेलोट्रॉन असे काम आधीपासून करत होतेच, पण त्यात वादकाला स्वतःचा आवाज सहज भरता येत नसे. फेअरलाइटमध्ये तो क्षणात भरता येई, पडद्यावर लाइट पेनने त्याची लहरही बदलता येई.

स्मृती मात्र तुटपुंजी होती. एका आवाजाच्या वाट्याला १६ किलोबाइट. बऱ्या प्रतीचा आवाज घ्यायचा तर सेकंदही पुरा भरत नसे. आठ बिटांमुळे आवाजाची पातळी केवळ २५६ पायऱ्यांत मोजली जाई, म्हणून तो खरखरीत येई. वरचा सूर दाबला की साठवलेला आवाज, म्हणजे नमुना, वेगाने वाजून आखूड आणि चिरका होई. या यंत्रावर लांबलचक, संथ सुरावट शोभणे कठीणच होते. शोभत ते तडाखे: गायिका केट बुशच्या १९८० च्या ‘बबूश्का’ या गाण्यातला काच फुटल्याचा आवाज त्यातलाच. गायक पीटर गॅब्रिएलने तर नव्या नादांसाठी भंगाराचे आवार धुंडाळले.

सर्वांत गाजला तो ‘ऑर्क५’ हा नमुना. संगीतकार डेव्हिड व्होरहाउसने स्ट्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’मधला अख्ख्या वाद्यवृंदाचा एकच ठोका यंत्रात घेतला. १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्यात तो वाजला आणि पुढे दशकभर पॉपमध्ये त्याचा अक्षरशः सुकाळ झाला. स्मृती मोठी असती, तर कदाचित ठोक्याऐवजी पूर्ण ओळच उचलली गेली असती.

फेअरलाइटची किंमत १८,००० पौंडांच्या घरात असल्याने ते मोजक्या श्रीमंत कलावंतांकडेच होते. १९८४ च्या एन्सोनिक मिराज या तशाच यंत्राने दर दोन हजार डॉलरखाली आणला. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये जेमतेम दहा सेकंद मावत. जागा वाचवायला न्यूयॉर्कचे हिप-हॉप निर्माते ३३ च्या गतीची तबकडी ४५ वर वाजवून नमुना घेत आणि मग यंत्रात त्याचा सूर उतरवत. त्यातून ड्रमला जो जाड, धुळकट पोत आला, तो त्या काळच्या हिप-हॉपची ओळख ठरला. आता स्मृतीची टंचाई उरलेली नाही, तरी स्वच्छ आवाज मुद्दाम त्या जुन्या यंत्रासारखा बारा बिटांवर उतरवणारी सॉफ्टवेअर विकली जातात.